रविवारपासून बिल्ड नंबर हाताने टाकणे बंद

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता जळगावला नेहमीच्या जागी जमायचं आहे. केळी-भाव अ‍ॅपची पाइपलाइन (कोडपासून अ‍ॅप आपोआप तयार करणारी यंत्रणा) त्याच बैठकीत बदलू. लॅपटॉप आणा. धुळे-नंदुरबारची मंडळी ऑनलाइन आली तरी चालेल.

रावेरहून शेतकऱ्याचा फोन येतो, "आजचा भाव दिसत नाही", आणि त्याच्या मोबाइलवर कुठलं बिल्ड (अ‍ॅपची तयार प्रत) आहे हेच आपल्याला सांगता येत नाही. हे थांबलंच पाहिजे.

यापुढे:

• आवृत्ती गिट टॅगवरून ठरेल. (गिट कोडचा इतिहास ठेवतं; कमिट म्हणजे त्यात नोंदवलेला बदल, टॅग म्हणजे कमिटला दिलेलं नाव.) २.४.१ नंतर तीन कमिट झाले तर 'गिट डिस्क्राइब' ही कमांड २.४.१-३ आणि पुढे कमिटचा छोटा हॅश (ओळख-कोड) देते. पाइपलाइन हे सगळं अ‍ॅपच्या 'माहिती' पानावर आणि डिप्लॉयच्या (नवं बिल्ड वापरात आणण्याच्या) नोंदीत स्वतः लिहील.
• टॅग अ‍ॅनोटेटेडच (देणाऱ्याचं नाव, तारीख आणि संदेश असलेले) करा. साधे टॅग 'गिट डिस्क्राइब' एरवी धरत नाही.
• गिटहब अ‍ॅक्शन्स या पाइपलाइन चालवणाऱ्या सेवेचं चेकआउट (कोड आणण्याची पायरी) मुळात एकच कमिट आणतं, जुने टॅग येत नाहीत. फेच-डेप्थ (किती कमिट आणायचे ती सेटिंग) ० ठेवा, म्हणजे सगळा इतिहास येतो. बहुतेकांचं इथेच अडतं.
• दिलेला टॅग हलवायचा नाही. चुकलं तर नवा द्या.

आपापल्या ब्रँच (कोडच्या वेगळ्या शाखा) शनिवारी रात्रीपर्यंत मुख्य कोडमध्ये मर्ज करा आणि प्रत्यक्ष येणार की ऑनलाइन, ते ग्रुपवर कळवा.