शेकायची पिशवी बॅगेत आहे

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

पहाटे तुझी गाडी गल्लीतून वळली, आई वर गेली आणि मी जिन्यातच बसून राहिलो. व्हायोलिनच्या स्पर्धेला निघताना तू वाकून नमस्कार केलास, पण माझ्याकडे बघितलं नाहीस. पोचल्याचा फोनही आईलाच केलास. त्याबद्दल तक्रार नाही. म्हटलं, आपण पत्रच लिहावं.

गुरुवारच्या रात्रीबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. स्वयंपाकघरात दिवा न लावता तू डावं कोपर शेकत उभी होतीस. मी विचारलं, तू ‘काही नाही’ म्हणालीस, आणि मग माझा तोल गेला. ‘असं असेल तर जाऊच नकोस’ हे मी बोलायला नको होतं. चौदा वर्षांची तुझी मेहनत, आणि ऐन निघायच्या वेळी बापच दारात आडवा! माझं चुकलं.

पण मुक्ता, दुखतंय का गं?

तिकडची हवा कोरडी असेल. खुंट्या सैल होतील, तारा उतरतील. बाहेरच्या थंडीतून आल्या आल्या व्हायोलिनची केस उघडू नकोस, वाद्याला खोलीची सवय होऊ दे. वाजवून झाल्यावर गज सैल करायला विसरतेस, ते विसरू नकोस. सकाळी नुसत्या कॉफीवर राहू नकोस. हे सगळं तुला माहीत आहे, तरी लिहिलं.

निवडलेल्या मुलांची यादी मी छापून आणली. तुझ्या नावापुढे ‘भारत’ लिहिलंय. कागद पाकिटात घडी करून ठेवलाय, काल बँकेत दोघांना दाखवला. आई म्हणते, घडीवर फाटेल तो. फाटला तर दुसरा छापून आणीन.

तुझा तो जर्मन संगीतकार बाख गेले दोन महिने आपल्या घरात राहायला आल्यासारखा होता. तूच मला सांगितलं होतंस, १७२० सालची वही, त्यातल्या शाकोन नावाच्या रचनेचे अडीचशेहून जास्त बार, म्हणजे तालाची आवर्तनं, चौदा-पंधरा मिनिटं, आणि सोबतीला ना तबला, ना तानपुरा, ना दुसरा कोणी माणूस. मला त्यातलं शास्त्र कळत नाही. पण मधे तो मेजर या उजळ सुरावटीत जातो तिथे घरात कोणी खिडकी उघडल्यासारखं वाटतं, एवढं कळतं. आणि हेही कळतं की गेले तीन आठवडे तू त्याच्या अलीकडेच थांबत होतीस. आधी तुझे पाय वाजायचे, मग थोडा वेळ काहीच नाही, मग परत सुरुवात. बाहेरच्या खोलीत मी पेपर वाचत नव्हतो. तू हात झटकत होतीस ना?

अण्णा बसून वाजवायचे. मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवलेलं, दुसरं टोक छातीशी. त्यामुळे वाद्य सांभाळायचं काम डाव्या हाताकडे नसायचं, तो मींडेला मोकळा. पाच वर्षांची तू तशीच त्यांच्यासमोर बसायचीस. त्यांनी तुला पहिला भूप दिला. सारखं ‘बाळ, ग वर थांब, घाई कसली आहे?’ म्हणायचे. पुढे मीच तुला कॅम्पात, पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. बाईंनी तुला उभं केलं, वाद्य हनुवटीखाली आलं. अण्णा बोलले काहीच नाहीत, फक्त मला विचारलं, ‘उभं राहून? मानेत धरून?’ तेव्हा मला तो जुन्या माणसाचा हट्ट वाटला. आता रात्री जाग आली की तेच दोन प्रश्न ऐकू येतात. तुला उभं मी केलं.

सहा वर्षं दर बुधवारी आपण स्कूटरवर लक्ष्मी रोडच्या गर्दीतून कॅम्पात जायचो. पावसात तू व्हायोलिनची केस पोटाशी धरून माझ्या रेनकोटच्या आत शिरायचीस आणि आतून ओरडून विचारायचीस, ‘बाबा, सिग्नल आला का?’ माझदा हॉलला तुझा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा तू अण्णांना पहिल्या रांगेत बसवलंस आणि मला मागे, कारण मी मान हलवतो आणि तुझी लय जाते. मी अजूनही मान हलवतो.

अण्णांचा हात कसा गेला हे आईने तुला सांगितलंय. तिला माहीत नाही ते मी लिहितो. दोन वर्षं आधीपासून त्यांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं. घरात कोणाला पत्ता नाही. त्या वर्षी वाड्याच्या गणपतीत पद रंगात आलेलं असताना त्यांनी गज खाली ठेवला आणि पेटीवाल्याला खूण केली, तू चालव. मी समोरच बसलो होतो. लोकांना वाटलं, मुद्दाम पेटीला जागा दिली.

पियानोवादक लिऑन फ्लायशरचं नाव तुझ्याचकडून ऐकलं होतं. परवा रात्री त्यांच्याबद्दल वाचत बसलो. ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा त्यांनी १९५२ साली जिंकली, आणि पुढे बाराएक वर्षांत उजव्या हाताची तीच दोन बोटं आत वळायला लागली. नंतर तीसेक वर्षं बहुतेक डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीतच वाजवत राहिले. त्याच स्पर्धेत अंतिम फेरीच्या बारा मुलांना वॉटर्लूच्या एका वास्तूत आठवडाभर ठेवतात, हेही वाचलं. हातात कोरी, कोणी न ऐकलेली रचना देतात आणि फोन काढून घेतात. तुमच्याकडे तसं नाही, नव्या संगीतकाराची ती रचना तुला आधीच मिळालीय, फोनही तुझ्याजवळ आहे. तरी वाचताना पोटात गोळा आला. आठ दिवस घरी बोलणं नाही. एखाद्याचा हात दुखायला लागला तर त्याने सांगायचं कोणाला?

तुला घाबरवायला हे लिहीत नाही. आता वर वाचून बघितलं, तर घाबरवायलाच लिहिल्यासारखं झालंय. माफ कर. खोडत नाही, कारण खोडलं तरी तुला कळेलच की इथे काहीतरी होतं.

बरं, त्याच १९५२ सालची दुसरी गोष्ट. व्हायोलिनवादक मेन्युहिन, ज्यांच्या स्पर्धेचं नाव तू नववीत वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतंस, ते भारतात आले होते. मुंबईत आपले पुण्याचे योगाचे अय्यंगार गुरुजी त्यांना भेटायला गेले. मेन्युहिन म्हणाले, मी फार थकलोय, पाचच मिनिटं देईन. गुरुजींनी त्यांना शवासनात निजवलं आणि ते तासभर झोपले. दोन वर्षांनी त्यांनी गुरुजींना घड्याळ दिलं, मागे कोरलेलं, ‘माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकास’. सगळं जग ज्यांना ऐकायला रांगा लावत होतं, त्यांनी समोरच्या अनोळखी माणसाला थकलोय म्हणून सांगितलं, मुक्ता. तू सख्ख्या बापाला ‘काही नाही’ म्हणालीस. मॉडेल कॉलनीत गुरुजींच्या संस्थेत दर शनिवारी आईबरोबर योगाला जायचीस, ते बारावीत सोडलंस. तेव्हाच मी म्हटलं होतं की... जाऊ दे. रोज दहा मिनिटं तरी आडवी पड.

पहिली फेरी मंगळवारी. आपल्याकडे तेव्हा दुपार असेल. मी रजा टाकलीय, आई नको म्हणत होती. मधेच थांबावं लागलं तर थांब. परीक्षक काय म्हणतील, बाईंना काय वाटेल, विमानाचे पैसे, यातलं काहीही त्या वेळी मनात आणू नकोस. आणि नाही दुखलं तर तो खिडकीचा भाग सावकाश वाजव. मी इथे मान हलवीन, तुला दिसणार नाही.

उत्तर मोठं लिहू नकोस. हात कसा आहे, एवढं लिही.

तुझा,
बाबा

ता. क. शेकायची पिशवी तू ओट्यावर ठेवून चालली होतीस. मी ती निळ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात घातलीय, पंच्यात गुंडाळून. तिचं झाकण सैल आहे, उकळतं पाणी भरू नकोस.