नवा कॅमेरा आणि तुझी लेन्स

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू कॅमेऱ्याचं विचारलंस, पण आईचं आणि तुझं बोलणं संपेना, म्हणून सविस्तर लिहितो. कॅमेरा घेतला. निकॉन डी७५००.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, का नाही, ते आधी सांगतो. तू मनापासून सुचवलं होतंस आणि तुझं म्हणणं खरंही आहे, कंपन्यांचा सगळा जोर आता तिकडेच आहे. पण तुझ्या पहिल्या पगारातून तू मला घेऊन दिलेली ती ५० एमएम एफ १.८ डी लेन्स. तिच्यात फोकसची मोटर नसते, ती कॅमेऱ्याच्या बॉडीत असावी लागते. आपल्या जुन्या डी३१०० मध्ये ती नव्हती, म्हणून इतकी वर्षं मी रिंग फिरवून हातानेच फोकस करत आलो. निकॉनच्या मिररलेसला एफटीझेड अडॅप्टर लावून ही लेन्स बसते, पण फोकस पुन्हा हातानेच. डी७५०० च्या बॉडीत मोटर आहे. माझा निर्णय तिथेच झाला.

घरी आल्याबरोबर तीच लेन्स चढवली. अ‍ॅपर्चरची (लेन्सच्या उजेड आत घेणाऱ्या छिद्राची) रिंग २२ वर नेऊन लॉक केली (तसं केलं नाही तर एरर दिसतो आणि शटर पडत नाही) आणि बटण अर्धं दाबलं. खर्रर्र आवाज करत लेन्स आपली आपण फिरली. समोर आई तांदूळ निवडत होती. ताटावर वाकलेला तिचा चेहरा, चष्म्याच्या काडीशी अडकलेली पांढरी बट, सगळं एका क्षणात लख्ख. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

दुसरी गोष्ट व्ह्यूफाइंडरची, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीची. जुन्यात पेंटामिरर (आरशांची जोडणी) होता आणि फोटोत येणाऱ्या दृश्यापैकी ९५ टक्केच दिसायचं. गोदाघाटावरच्या फोटोंत कडेला कुणाचा तरी कोपर, कुणाची पिशवी घुसलेली असायची, ती त्यामुळे. यात पेंटाप्रिझम (भरीव काचेचा लोलक) आहे, पूर्ण १०० टक्के दिसतं, आणि चित्र मोठं नि उजळ. माझ्या वयाच्या डोळ्यांना याचं मोल फार. काचेतून थेट समोरचा उजेड पाहायचं हे सुख मला सोडवत नाही. शिवाय पुढे आणि मागे अशा दोन डायल आहेत. शटर एका बोटाने, अ‍ॅपर्चर दुसऱ्या. मेन्यूत शिरावंच लागत नाही.

रविवारी पहाटे नांदूरमध्यमेश्वरला गेलो. २०२० मध्ये ते रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आलं, महाराष्ट्रातलं पहिलं, तरी बंधाऱ्याच्या काठावर अजून निवांत उभं राहता येतं. शेकाटे, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या हे पक्षी जुन्या कॅमेऱ्यानेही टिपता यायचे. प्रश्न नदीसुरयाचा. तो पाण्यावरून जाता जाता एकदम सूर मारतो. जुन्यात सेकंदाला ३ फोटो आणि ११ फोकस पॉइंट, यात ८ फोटो आणि ५१ पॉइंट. ७०-३०० ची झूम लेन्स लावून मागोमाग फिरवत राहिलो, आणि चोच पाण्यात शिरतानाचा एक फोटो मिळाला. पंखाची टोकं हललीत, पण डोळा स्पष्ट आहे. मोठा प्रिंट काढून पाठवतो.

आणि रामकुंड! संध्याकाळच्या आरतीच्या वेळी जुन्या कॅमेऱ्याचा आयएसओ (उजेड टिपण्याची क्षमता) मी १६०० च्या पुढे नेत नसे, काळोखात रंगीत दाणे यायचे. परवा ६४०० वर काढले, तुझ्याच लेन्सने. दिवे विकणारी एक मावशी द्रोणात वात सरळ करत होती. उजेड फक्त त्या ज्योतीचा. तिची बोटं, बांगड्या, पदराचा काठसुद्धा ओळखू येतो. तिला विचारून काढला, तिला स्क्रीनवर दाखवलाही. दाणे आहेत, पण बारीक, त्रास न देणारे. लोक मेगापिक्सेल विचारतात. १४.२ चे २०.९ झाले, त्याने मला फारसा फरक जाणवला नाही. फरक उजेडाचा आहे. दिवस मावळला की बॅग बंद करायची, ते दिवस गेले.

उणं सांगायचं तर कार्डाचा खण एकच आहे. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला ते चालणार नाही. आणि वजन! तासाभराने मान भरून येते. रुंद पट्टा घ्यावा लागेल.

डी३१०० मी विकणार नाही. रंगपंचमीला रहाडीशी (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाशी) उभं राहायला तोच बरा, नव्याला त्या रंगात नेण्याची माझी छाती नाही. तू येणार आहेस ना? रजेचा अर्ज आताच टाकून ठेव. तिवंध्याच्या रहाडीला गर्दी होण्याआधी पोहोचायचं असेल तर आदल्या रात्रीच घरी ये. जुन्याची बॅटरी मी चार्ज करून ठेवतो. रहाडीत उड्या मारणाऱ्यांचे फोटो तू काढ, मी जरा लांबून नव्याने काढतो. आईने पुरणपोळीचं कबूल केलंय.

तुझे,
बाबा