हिब्रू उजवीकडून वाचतात हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला 'मोबाइलवर शिका बायबलची हिब्रू' हा लेख वाचला. आधी बरंच वाटलं, आमच्या विषयावर पानभर कोण लिहितंय, चहा बाजूला ठेवून वाचायला घेतला आणि मग वरचं ते मोठं रंगीत अक्षरांचं चित्र दिसलं. पहिल्यांदा वाटलं चष्म्याचा दोष. भावाला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला तर त्याच्याकडून नुसती हसून रडणारी तोंडं आली.

साहेब, तुम्ही 'शालोम' उलटं छापलंय. शीन, लामेद, वाव, मेम, असं उजवीकडून डावीकडे जायला हवं, तुमच्याकडे ते डावीकडून लागलंय, त्यामुळे आम्ही वाचायला गेलो की होतं 'मोलाश'. शिवाय शब्दाच्या शेवटी येणारं मेम वेगळं असतं, चारी बाजूंनी बंद, डब्यासारखं, ते शब्दाच्या सुरुवातीला येतच नाही. ज्याला फक्त 22 अक्षरं ओळखता येतात त्यालाही हे कळलं असतं. आणि लेख कशावर, तर तंत्रज्ञानामुळे हिब्रू शिकणं किती सोपं झालंय यावर!

तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात, छपाईची चूक. 2016 साली माझी आई गेली. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आमच्या कबरींवर मराठी आणि हिब्रू दोन्ही कोरतात. शेवटी पाच अक्षरं असतात, ताव नून त्सादी बेत हे. बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकात अबीगईल दावीदाला जे म्हणते त्यावरून ती आली आहेत, अर्थ असा की हिचा जीव जिवंतांच्या पुरचुंडीत बांधलेला राहो. (मराठी बायबलमध्ये काय शब्द आहे ते असो, मला पुरचुंडीच बरोबर वाटतो, आईच्या कमरेला कायम असायची.) मजकूर भावाने मोबाइलवर टाइप करून दगडवाल्याला पाठवला. मोबाइलवर एकदम बरोबर होता. त्याने तो त्याच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केला, त्या सॉफ्टवेअरला उजवीकडून सुरू होणारी भाषा असते हेच माहीत नाही, त्याने सगळी अक्षरं डावीकडून मांडली आणि मशीनने ती कोरली. मराठी ओळ एक नंबर, एक वेलांटी चुकली नाही. हिब्रू उलटी. आम्हा भावंडांच्या लक्षातसुद्धा आलं नाही हो, रडत होतो सगळे, अलिबागहून आलेले ऐंशी वर्षांचे मामा काठी टेकून वाकले आणि म्हणाले, "अगं, हे काय लिहिलंय?" नवीन दगडाचे पैसे द्यायची तेव्हा ताकद नव्हती. दगडवाला भला माणूस, त्याने तोच दगड पालटून मागच्या बाजूला परत कोरून दिला. म्हणजे ती उलटी ओळ अजून आहे तिथेच, खाली तोंड करून, आईच्या बाजूला. त्यामुळे तुमचं चित्र बघून मला हसू आलं नाही.

मी काही मोबाइलच्या विरोधात नाही. लॉकडाऊनपासून मी स्वतः अॅपवर शिकतेय, वय 64. सेंट पीटर्सबर्गला ठेवलेलं साधारण 1008 सालचं हिब्रू बायबलचं हस्तलिखित मी ठाण्यात गॅसवर कुकर ठेवून झूम करून बघते, एकेक टिंब दिसतं. शब्दावर बोट ठेवलं की धातू, काळ, लिंग, वचन सगळं समोर. ते काही आपोआप झालेलं नाही, अॅमस्टरडॅमच्या विद्यापीठात 1977 पासून लोकांनी बसून बायबलचा शब्द न् शब्द कॉम्प्युटरसाठी उकलून ठेवलाय. तुमच्या लेखात त्याबद्दल एक ओळ नाही, पण 'रोज फक्त पाच मिनिटं' तीनदा आहे.

माझी अडचण वेगळी आहे. ही सगळी अॅपं इंग्रजीतून शिकवतात. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात, सोळाव्या अध्यायात हागार पळून जाऊन रानात झऱ्यापाशी बसलेली असते, तिला देवदूत विचारतो, 'एई मिझे वात', कुठून आलीस. बाईला विचारलंय म्हणून 'वात', पुरुष असता तर 'वाता'. आपल्याकडे आलीस आणि आलास, झालं, चौथीतल्या पोराला समजावं लागत नाही. इंग्रजीत दोघांना एकच 'यू', मग ते अॅप बिचारं द्वितीय पुरुष, स्त्रीलिंग, एकवचन असं कोष्टक पाठ करायला लावतं आणि मी मराठी सोडून इंग्रजीतून ते घोकते, जी गोष्ट मला आईने भांडी घासताना शिकवलेली आहे. मराठीतून केलं असतं कोणी तर अर्धं व्याकरण फुकट आलं असतं.

आणि हो, लेखात म्हटलंय की 'मराठी माणसासाठी हिब्रूचं दार प्रथमच उघडलं आहे'. प्रथमच? ज्यांच्या नावाचं कॉलेज चौपाटीवर आहे त्या जॉन विल्सननी 1832 साली हिब्रूचं व्याकरण मराठीत काढलं, आमच्याच लोकांसाठी. 1846 साली मुंबईत मराठी भाषांतरासकट हगादा, म्हणजे आमच्या वल्हांडण सणाला वाचायचं पुस्तक, छापला. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी आमच्या प्रार्थना मराठीत आणल्या, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते ते. पंडिता रमाबाई केडगावला हिब्रू शिकून अख्खं बायबल मराठीत करत बसल्या, छापखाना मुली चालवायच्या. तेव्हा अक्षरं हाताने लिहायची नाहीतर एकेक जुळवायची होती, तरी कोणी 'मोलाश' छापलं नाही. लेखकाने गूगलवर दोन मिनिटं घालवली असती, ती रोजच्या पाचातलीच.

अजून एक, 'आज इस्रायलमध्ये बोलतात तीच ही भाषा' हेही तितकंसं खरं नाही. माझी भाची इस्रायलमध्ये अश्दोदला शाळेत गेली, फाडफाड हिब्रू बोलते. बायबलमध्ये पानोपानी 'वायोमेर' येतं, त्यातलं 'योमेर' तिच्या कानाला 'म्हणेल' असं लागतं आणि अर्थ असतो 'म्हणाला'. शाळेत शिकवलं म्हणून कळलं म्हणते.

जाता जाता, मागे तुमच्याच पेपरात आमच्या सिनेगॉगच्या फोटोखाली 'पारशी अग्यारी' छापलं होतं. तेव्हाही पत्र पाठवलं होतं. ना छापलं, ना फोन. पारशी मैत्रिणीने मात्र फोन करून अभिनंदन केलं, म्हणाली ये आता नवरोजला.

दुरुस्ती कुठे आतल्या पानावर बारीक अक्षरात टाकू नका, तिथेच रविवारी टाका, तेवढ्याच मोठ्या रंगीत अक्षरात. आणि टाकायच्या आधी मला व्हॉट्सअॅप करा, बघून देईन, पैसे नकोत. फक्त शुक्रवारी दुपारपर्यंत पाठवा, नंतर आमचा शब्बाथ, आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शनिवारी संध्याकाळी तारे दिसेपर्यंत माझा फोन बंद असतो.

आपली एक जुनी वाचक,
ठाणे
(नाव छापू नये, मामा अजून पेपर वाचतात.)