म्हाताऱ्या घोड्याची नाल काढायची का, हे ठरवताना उरलेले तीन पाय पण बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वय झालेल्या, सांधे धरलेल्या घोड्याची नाल काढावी की राहू द्यावी यावर घोडेवाल्यांमध्ये कायम वाद चालू असतो, एक जण म्हणतो अनवाणीच बरं, दुसरा म्हणतो नाल काढली की घोडा बसलाच समजा. पण दोघंही बोलतात ते खुराबद्दल. नालबंद एक पाय उचलून धरतो तेव्हा सगळा भार उरलेल्या तीन दुखऱ्या पायांवर येतो, आणि उचललेला पायही बराच वेळ वाकवून धरलेला असतो, हे कोणी बोलतच नाही. मागच्या पायाच्या हॉकमध्ये, म्हणजे पायाच्या मधल्या मोठ्या सांध्यात, संधिवात असेल तर पाय उंच धरणं हीच मोठी शिक्षा असते. घोडा पाय ओढून घेतो, अंग टाकतो, आणि आपण म्हणतो बघा म्हातारपणी कसा अडेल झालाय. तो अडेल नाहीये हो, त्याला दुखतंय!

नाल असो नसो, खूर दर चार ते सहा आठवड्यांनी तासावेच लागतात, त्यातून सुटका नाही. पण नुसतं कानशीने घासून कडा गोल करायच्या असतील तर काम थोडक्यात आटपतं, मध्ये पाय खाली ठेवून विश्रांती देता येते. नाल बसवायची तर मापाला लावा, परत काढा, खिळे ठोका, वळवा, एवढा सगळा वेळ पाय हातात. नाल ठेवायचीच असेल तर नालबंदाला पाय जमिनीजवळ धरायला सांगा, खाली मऊ रबराची मॅट टाका, आणि त्या दिवसापुरती पेनकिलर देता येईल का ते डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने देऊ नका.

नाल काढायच्या बाजूने अजून एक मुद्दा आहे, कडक जमिनीवर लोखंडी नालेमुळे हादरा जास्त बसतो आणि अनवाणी खूर तो थोडाफार स्वतः पचवतो. पण हे खूर धडधाकट असेल तरच. तळवा पातळ असेल तर प्रत्येक खड्यावर घोडा आखडतो, आखडून चालला की सांध्यांवर अजून ताण, म्हणजे ज्यासाठी नाल काढली तेच उलटं होतं. म्हणून आधी खुराचा एक्स-रे काढा, तळव्याची जाडी साधारण १५ मिलिमीटर तरी हवी, त्याहून बरीच कमी असेल तर घाई करू नका. आणि पंधराच्या पुढचं वय, लांब कुरळे केस वेळेवर झडत नाहीत, असं दिसत असेल तर कुशिंग या हार्मोनच्या आजारासाठी एसीटीएच या हार्मोनची रक्ततपासणी करून घ्या, कारण त्या आजारात खुराला आतून सूज येऊ शकते, लॅमिनायटिस म्हणतात ते, आणि आपण संधिवात संधिवात करत बसतो.

शिवाय खुराची भिंत महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढते, पुढचं पूर्ण नवीन खूर यायला नऊ महिने ते वर्ष लागतं, त्यामुळे दोन आठवड्यांत निकाल लावणं चूक आहे. पण म्हणून वर्षभर घोड्याला लंगडत ठेवणं त्याहून वाईट. मधल्या काळात खुरांचे बूट मिळतात ते घाला, रोज काढून टाचेला घासतंय का बघा. टाच आधी टेकतेय का टोक, हे सपाट जमिनीवर सरळ चालवून बाजूने बघितलं की कळतं, मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं तर अजून स्पष्ट. सतत टोक आधी टेकत असेल तर टाचेच्या भागात दुखतंय असं समजायला जागा आहे.

माझी एकच विनंती आहे, डॉक्टर आणि नालबंद यांना एकाच दिवशी एकत्र बोलवा, एक्स-रे दोघांनी समोरासमोर बघू दे. एक आज येतो, दुसरा महिन्याने, आणि निरोप आपण अर्धवट पोचवतो, यात घोड्याचे हाल होतात. चारही पायांचा निर्णय एकसारखाच हवा असंही काही नाही. आमच्या घोडीच्या मागच्या नाला काढल्यात, कारण दुखणं हॉकमध्ये आहे आणि पाय धरवत नाही. पुढच्या ठेवल्यात, कारण पुढचे तळवे पातळ निघाले आणि शरीराचा साधारण ६० टक्के भार पुढच्याच पायांवर असतो. पुढच्या वेळच्या एक्स-रेमध्ये तळवा जाड झालेला दिसला तर त्याही काढू, नाहीतर राहतील.

आपला,
एक वाचक