रविवारच्या बैठकीसाठी युरोपातली पुस्तकं

सदस्यांनो, नमस्कार.

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता फोंड्यात नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय युरोपातलं लेखन. कादंबरी, रहस्यकथा किंवा ललितेतर, यांपैकी आपण सहसा ज्याच्या वाटेला जात नाही तेच एक पुस्तक वाचून यावं, ही आग्रहाची विनंती. गेल्या वेळी जवळजवळ सगळ्यांनी एकाच प्रकारातलं आणलं आणि चर्चा लवकर आटोपली. मला ते फार लागलं.

रहस्यकथा हलकी समजून बाजूला ठेवू नका. मायी श्योवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडीने १९६५ ते १९७५ या काळात दहा कादंबऱ्या लिहिल्या. तपास खुनाचा, पण उलगडत जातो तो त्यांचा समाज, पोलीसखातं, एकटी पडलेली माणसं. खुनी कळला तरी मन तिथून निघत नाही. बेल्जियन लेखक सिमेनों यांचा पोलीस तपासनीस मेग्रेही चालेल; त्याच्या ७५ कादंबऱ्या आहेत, आणि बहुतेक आटोपशीर.

कादंबरीत पोर्तुगीज लेखक सारामागो. त्यांचे संवाद अवतरणचिन्हांशिवाय, स्वल्पविरामांवर वाहतात. अडखळलात तर मोठ्याने वाचा. ज्या ज्येष्ठांना पोर्तुगीज येतं त्यांनी मुळातला एखादा परिच्छेद जरूर वाचून दाखवावा. गोव्यात हे अजून शक्य आहे, राहून जायला नको.

ललितेतरात प्रीमो लेव्ही. तुरिनचे रसायनतज्ज्ञ, नाझींच्या आउशविट्झ छळछावणीतून परतलेले. घाईने वाचू नका.

पुस्तकांसाठी पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करा. निवड शुक्रवारपर्यंत मला कळवा, म्हणजे दोघांकडून एकच पुस्तक येणार नाही.