समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "अरे सोड ना" म्हणून विषयच बदलून टाकता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहून राहिलो.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. माझं बोअरवेल सर्व्हेचं काम आहे, काटोल-नरखेडकडचे संत्र्यावाले शेतकरी जास्त. वीसेक वर्षांचे बोअरचे लॉग (कोणत्या बोअरला किती फुटावर काय लागलं त्याची नोंद) एका जुन्या प्रोग्राममध्ये, तो सी मध्ये लिहिलेला, विंडो सगळ्या मोटिफच्या (विंडो-बटणं काढायच्या तयार कोडचा जुना संच, म्हणजे लायब्ररी), आणि चालायचा फक्त ऑफिसातल्या एका जुन्या लिनक्स मशीनवर. ऐन मे मध्ये ते मशीन गेलं. डेटा होता, सोर्स कोड पण होता, पण नव्या लिनक्सवर काही केल्या कंपाइल होईना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनेना. दोन ठिकाणी विचारलं तर नवीन सॉफ्टवेअर घ्या म्हणाले. इकडे फोनवर फोन, भाऊ बाजूच्या बोअरला किती फुटावर पाणी लागलं होतं सांगा ना, गाडी शेतात उभी आहे.

आणि तुम्ही त्या उन्हात, दुपारी तीन वाजता, पाण्याची बाटली घेऊन आले. माझ्या स्क्रीनवर तीनशे ओळी एरर. मी शेवटची ओळ वाचून राहिलो होतो, तुम्ही म्हटलं वर जा, सगळ्यात पहिली एरर वाच, खालच्या अर्ध्याअधिक तिच्यामुळेच आल्या आहेत. खरंच, वर एकच गोष्ट होती, एक्सएम डॉट एच नावाची मोटिफची हेडर फाइल (लायब्ररीत कोणती फंक्शन आहेत ते कंपाइलरला सांगणारी) सापडत नाही. मी म्हटलं मोटिफ तर टाकलं आहे, तर तुम्ही समजावलं की नुसती लायब्ररी प्रोग्राम चालवायला पुरते, कंपाइल करायला तिचं डेव्ह पॅकेज, ज्यात हेडर असतात, ते वेगळं टाकावं लागते. त्याआधी एक्सएमकेएमएफ कमांडच नव्हती (आयमेक नावाच्या जुन्या टूलनं मेकफाइल, म्हणजे प्रोग्राम कसा बनवायचा ती कृती, तयार करणारी), तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं की एक्सवाल्यांनी, म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवणारी एक्स सिस्टिम बनवणाऱ्यांनी, २००५ च्या एक्स११आर७ पासून स्वतःच आयमेक सोडलं, म्हणून ते आता आपोआप येत नाही, वेगळं घ्यावं लागते.

मग लिंकर (कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडणारा) अडला, अंडिफाइंड रेफरन्स, म्हणजे फंक्शन सापडत नाही, मोटिफ ज्यांच्यावर चालते त्या एक्सटी आणि एक्स११ लायब्ररींच्या फंक्शनची रांगच लागली. लायब्ररी तर सगळ्या लिहिल्या होत्या! तुम्ही मेकफाइलच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "आधी मागणारा, मग देणारा." लिंकर डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून आधी आपल्या ओ फाइली (आपल्याच कोडचे कंपाइल झालेले तुकडे), मग एक्सएम म्हणजे मोटिफ, मग एक्सटी, मग एक्स११. माझ्याकडे लायब्ररी आधी होत्या आणि ओ फाइली शेवटी. ओळ फिरवली, रांग गेली.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती इम्प्लिसिट डिक्लरेशनची एरर, म्हणजे फंक्शन आधी न सांगताच वापरलं. जीसीसी (लिनक्सवरचा सी कंपाइलर) १४ पासून ती नुसती वॉर्निंग राहिली नाही, कंपाइलर थांबतोच. मी म्हटलं एक फ्लॅग टाकून दाबून टाकू काका, रात्र झाली. तुम्ही नाही म्हटलं. वहीच्या मागच्या पानावर आठ चौकोन काढले, ६४ बिटवर पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आठ बाइटचा, आणि फंक्शन आधी सांगितलंच नसेल तर जुना कंपाइलर ते इंट (साधा पूर्णांक) परत देते असं धरून चालतो, म्हणजे चारच बाइट, आणि वरचे चार चौकोन तुम्ही पेनानं खोडून टाकले. "आता हा पत्ता कुठे जाईल सांग." तेव्हा कळलं की एरर दाबली असती तर प्रोग्राम बनला असता आणि शेतकरी फोनवर असताना मधातच पडला असता. अकरा फाइलींमध्ये हेडर टाकत बसलो, टाइप मीच करत होतो, तुम्ही एकदाही कीबोर्ड माझ्याकडून घेतला नाही.

पावणेदहाला विंडो उघडली. काटोलजवळचा एक बोअर लावला, वर काळी माती, मग मुरूम, मग बेसॉल्टचा तो करडा पट्टा, आणि १८० फुटावर निळी रेघ. तुम्ही चष्मा काढून स्क्रीनजवळ येऊन पाहिलं आणि विचारलं, हे पाणी का रे?

त्या आठवड्यात नऊ शेतकऱ्यांना लॉग काढून दिले काका. वहीचं ते पान फाडलं नाही, मेकफाइलच्या प्रिंटसोबत फाइलला लावून ठेवलं आहे. रविवारी सकाळी येतो, तर्री पोहे घेऊन, काकूंना नाश्ता करू नका म्हणून सांगून ठेवा.