डबल बेल

गोरेगाव, मुंबई
रविवार, रात्री उशिरा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगण्यासारखं नाही. आई, तुला फोनवर बोलायला त्रास होतो, बाबांना फोनवरचं नीट ऐकू येत नाही, आणि मग मी एकटीच मोठमोठ्यानं बोलत राहते. म्हणून पत्र लिहितेय. एकच विनंती, बाबांनी ते आईला वाचून दाखवू नये. दोघांनी वेगवेगळं वाचा. आईला जे लिहिलंय ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं असं मला वाटतं.

आधी कबुली देते. गणपतीत आले होते तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेतून एक कॅसेट मी न विचारता घेऊन आले. 'सौ.च्या ओव्या, १९९२' असं तुमच्या अक्षरात लिहिलेली, बाबा. दिवाळीत तुम्ही ती दोन दिवस शोधत होतात हे मला शेजारच्या वहिनींकडून कळलं. तरी मी गप्प बसले. चुकले.

आता ती कशासाठी आणली ते सांगते.

आमच्या फिल्मच्या कोर्सला दुसऱ्या सत्रात प्रत्येक गटाला चार मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ करायचा असतो. विषय सगळ्यांना एकच मिळाला: प्रेम आणि काहीतरी गमावणं. आमच्या गटात आम्ही पाच जण. पहिल्या तीन बैठकांत गोष्ट ठरली ती अशी: तो आणि ती, मरीन ड्राइव्ह, पाऊस, मग ती जाते आणि शेवटी भिंतीवर हार घातलेला फोटो. सरांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "जे गेलं, त्याच्या जागी घरात काय आलं?" कुणाला उत्तर देता येईना. मला मात्र आपल्या ओट्यावरची स्टीलची वाटी दिसली.

मग मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. न विचारता केलेली ही दुसरी गोष्ट. सांगितलं की आमच्या घरात कुणी गेलेलं नाही. २०११ मध्ये आईचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. आवाजाची नस त्या ग्रंथीच्या अगदी मागून जाते, तिला इजा झाली. सहा महिन्यांत आवाज येईल म्हणाले होते, तो आला नाही, कुजबुज तेवढी राहिली. मी नववीत होते. पुढं बाबांचे कान गेले, आणि वयानं कान जातात तेव्हा बारीक आवाज आधी जातात, म्हणजे नेमकी आईची कुजबुजच. एका घरात एकीला बोलता येत नाही आणि दुसऱ्याला ऐकू येत नाही. आणि मग एक दिवस आईनं वाटीवर उलथनं एकदा वाजवलं, तर बाबा चपला घालता घालता दारातच थांबले. दोनदा वाजवलं, तर निघाले. एक बेल थांबा, डबल बेल चला. बेस्टमध्ये कंडक्टरकी करताना रोज शेकड्यांनी वाजवलेली खूण. बाबांना ती समजावून सांगावी लागली नाही.

मी बोलायची थांबले तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. नंतर आमचा कॅमेरा करणारा मुलगा (सांगलीचा आहे) एवढंच म्हणाला, "हारवाला फोटो काढून टाकू."

गाणं कुठलं घ्यायचं, हा पुढचा प्रश्न. एकाला जुनं सिनेमातलं गाणं हवं होतं. ते असं उचलता येत नाही, बाबा. गीत आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकार गेल्यानंतरही ६० वर्षं राहतो, ध्वनिमुद्रणाचा वेगळा ६० वर्षं, आणि महोत्सवाला पाठवायचं तर हक्काचे कागद आधी मागतात. जात्यावरच्या ओव्यांना असा धनी नाही. आजीकडून आईकडे आल्या, आजीकडे तिच्या आईकडून. तेव्हा मला कॅसेट आठवली.

ती वाजतच नव्हती. आपल्याकडच्या दमटपणानं टेपवर पांढरी बुरशी धरली होती आणि आतली नमद्याची बारीक गादी सुटून पडली होती. लॅमिंग्टन रोडला एका दुरुस्तीवाल्या काकांनी डबी उघडून ती अख्खी टेप नव्या डबीत गुंडाळून दिली. दोन्ही हातांची बोटं तेवढी हलत होती, श्वासही जपून घेत होते. सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर टेप सरकते, त्यात चाळीस मिनिटांची तू बसली आहेस, आई. पहिली ओवी सुरू झाली तेव्हा मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. तुझा हा आवाज मी चौदा वर्षांनी ऐकत होते. मला वाटत होतं तो माझ्या लक्षात आहे. नव्हता. माझ्या आठवणीतल्यापेक्षा तो जाड होता, खालचा होता, आणि ओवीच्या शेवटी तू श्वास घेतेस तो ऐकू येतो.

टेपवर आणखी पुष्कळ आहे. चिंचपोकळीची आपली खोली सगळीच आहे म्हणा ना. लोकल जाते, कुणाचा तरी कुकर होतो, आणि एके ठिकाणी भोंगा वाजतो. आवाजाचं काम करणाऱ्या नागपूरच्या मुलानं विचारलं, ही शिटी कसली, काढून टाकू का? त्याला सांगितलं की १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर कितीतरी गिरण्या उठल्याच नाहीत, पण ज्या चालू होत्या त्यांतल्या एकीचा हा भोंगा आहे. त्यानं पुन्हा एकदा हेडफोन लावून ऐकलं आणि काढला नाही.

बाबा, तुमची डबलडेकर मात्र मिळाली नाही. जुन्या लाल गाड्यांतली शेवटची १५ सप्टेंबर २०२३ ला धावली, तुम्ही त्या दिवशी टीव्हीसमोरून उठला नव्हतात. आता रस्त्यावर आहेत त्या विजेच्या, एसीच्या. तुमचा तिकिटाचा पंच आणि पत्र्याची पेटी कशी दाखवायची ते नीट कळावं म्हणून मी आणिक डेपोतलं बेस्टचं संग्रहालय बघून आले. स्टेशनवरचा प्रसंगही सोडला, रेल्वेची परवानगी आमच्या अठरा हजारांत बसण्यासारखी नव्हती. रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन चोरबाजारात मिळाला, आपल्याकडे होता तसाच, फक्त याचं हँडल तुटलेलं.

समुद्राचा प्रसंग मात्र तुमच्यामुळे झाला. आठवतं, मी फोन करून अचानक विचारलं होतं, वद्य प्रतिपदा कधी आहे? तुम्ही विचारलंत, उपास करतेस की काय? नाही. गटातल्या सगळ्यांना समुद्रावरचा सूर्योदय हवा होता, आणि आपला समुद्र पश्चिमेला, त्यावर सूर्य उगवणार कुठून! मी म्हटलं, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दादर चौपाटीला जाऊ, समोर पाण्यावर मावळतीचा चंद्र असेल. राहिली ओहोटी. तुम्ही लहानपणी शिकवलं होतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. प्रतिपदेची पाऊणपट, म्हणजे रात्री पाऊणला भरती आणि सव्वासहा तासांनी, सातच्या सुमारास ओहोटी. छापील तक्त्याशी ताडून पाहिलं, फरक थोड्याच मिनिटांचा निघाला. त्या पहाटे पाणी एवढं मागं गेलं होतं की आमच्या काकांना (तुमचं काम करणारे, हौशी नाटकवाले आहेत) ओल्या वाळूवर लांबवर एकटं बसवता आलं. मांडीवर टू-इन-वन, कान स्पीकरला टेकवलेला. तुम्ही बसता तसेच. वर चंद्र. एकच शॉट, पन्नास सेकंदांचा, आणि त्यानंतर आम्ही तिथे दुसरं काहीच घेतलं नाही.

खोली गिरगावात मिळाली, एका चाळीत. आपली चाळ तर पाडली. ही दहा बाय बाराची, आत दोन माणसं बसली की कॅमेऱ्याला जागा नाही, म्हणून कॅमेरा गॅलरीत ठेवून खिडकीच्या गजांतून आत बघायचं ठरवलं. ऊन त्या खोलीत सव्वाआठला येतं आणि नऊला जातं. तेवढ्या पाऊण तासात सहा शॉट, समोरून थर्माकोलवर घेतलेला उजेड, बाकी काही नाही. संध्याकाळी पाचला पाणी आलं की सगळी चाळ नळावर, तेव्हा शूटिंग बंद. त्या वेळी मीही कळशा भरल्या. शेजारच्या आजींनी आमच्या नायिकेचं पातळ बघितलं, "हे स्वयंपाकाला नेसायचं नव्हे" म्हणाल्या आणि स्वतःचं धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं काढून दिलं. व्हिडिओत तेच आहे.

आता ज्यासाठी हे पत्र, तो शॉट.

आई, तुला माहीत नसेल, पण मी पाहिलं आहे. पहाटे भाकरी थापताना तुझे ओठ हलतात. आवाज नसतो. बाबांनी गाण्याची दुसरी कुठली कॅसेट लावली तरी तू उठून परसात जातेस, पण भाकरीच्या वेळी एकटी असलीस की ओवी म्हणतेस. मी मोरीच्या दारातून किती वेळा बघितलंय आणि परत अंथरुणात जाऊन पडलेय. आमच्या व्हिडिओत कुणीही गाण्यावर ओठ हलवत नाही. फक्त हा एक शॉट, त्यात ती भाकरी थापते आणि तिचे ओठ हलतात.

तो संथ गतीत घ्यायचा होता. त्यासाठी सेकंदाला पंचवीसऐवजी पन्नास फ्रेम घेतात, आणि ओठ नंतर जुळावेत म्हणून सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवतात. नटानं त्या वेगानं म्हणायचं. आमच्याबरोबर दिव्यांसोबत एक लाइटदादा आले होते, स्टुडिओत आयुष्य काढलेले. सेटवर गाणं लावायला ते अजून "नागरा!" अशी हाक देतात, पूर्वी त्या नावाच्या टेपरेकॉर्डरवर गाणं वाजवायचे म्हणून. त्यांनी हाक दिली, आणि दुप्पट वेगानं तुझी ओवी लागली.

वेग दुप्पट झाला की आवाज बरोबर एक सप्तक वर जातो. हे मला शिकवलेलं होतं, वहीत लिहिलेलंही आहे. पण त्या खोलीत जो आवाज आला तो आठ-दहा वर्षांच्या मुलीचा होता. आजीच्या शेजारी बसून जात्याच्या खुंट्याला हात लावू देते का म्हणून हट्ट करणारी तू. मी तुला त्या वयाची कधी ऐकणार होते? आणि समोर साठीच्या बाई, पीठ लागलेले हात, त्या मुलीचे शब्द भराभर ओठांनी म्हणताहेत. कट म्हणायचं काम माझं होतं. मी म्हटलं नाही. लाइटदादांनीच शेवटी हात वर केला. शॉट एकदाच घेतला.

एक गोष्ट मला एडिटिंगला बसल्यावर कळली, आणि ती तुम्हा दोघांनाही आठवत नसेल. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, शेवटाकडे, आई एका ओवीत मध्येच थांबते. हसते. म्हणते, "पुरे झाला आता. लोका आयकतत." मग थोडा वेळ फक्त टेपची खरखर. आणि मग भांड्यावर चमचा वाजतो, टिंग टिंग. दोनदा. त्यानंतर आई उरलेली ओवी पुरी करते.

बाबा, ती वाटी तुम्ही वाजवली होती. १९९२ साली. मी इतकी वर्षं समजत होते की ही खूण ऑपरेशननंतरची आहे, आवाज गेल्यावर शोधून काढलेली. मी ते चार सेकंद पुन्हा पुन्हा लावून ऐकले. व्हिडिओ आता तिथेच संपतो, टिंग टिंग आणि अंधार. पुढची ओवी मी ठेवलेली नाही, ती तुमच्या दोघांचीच असू दे.

शुक्रवारी वर्गात दाखवायचं आहे, आणि सर म्हणतात पुढं बाहेरही पाठवू. मी दोन प्रती करून ठेवल्या आहेत. एकीत आईचा आवाज आहे. दुसरीत त्याच ओव्या माझ्या वर्गातल्या मुलीनं म्हटल्या आहेत, चांगल्या म्हटल्या आहेत, आणि शेवटची वाटी मी स्वतः वाजवली आहे. आई, तू म्हणशील ती प्रत जाईल. तुझा आवाज तुझा आहे. तो लोकांनी ऐकावा की नाही हे बाबांनीही ठरवायचं नाही आणि मी तर नाहीच नाही. नको म्हणालीस तर मला वाईट वाटेल, ते मी लपवत नाही, पण दुसरी प्रत जाईल आणि पुन्हा मी हा विषय काढणार नाही.

कॅसेट मी स्वतः घेऊन येईन, शिमग्याला. कुरियरवर माझा भरवसा नाही.

गुरुवारी रात्री आठला मी फोन करेन. बाबांनी तो उचलून तुझ्या हातात द्यावा. बोलायचं काही नाही. वाटी जवळ घेऊन बस. नको असेल तर एकदा वाजव. चालणार असेल तर दोनदा.

तुमची
बाय